शिवानीचं डायक्रोमेट उणे आलं

गेल्या मंगळवारी बनारसला आमच्या कॉलेजात एमएस्सीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. मी केमिस्ट्री शिकवते. बाहेरून आलेले एक्झामिनर महाकडक.

प्रयोग नेहमीचाच. जांभळं परमँगनेट आणि नारिंगी डायक्रोमेट एकत्र मिसळलेलं. त्यातून दोन रंगांचा प्रकाश सोडून, किती शोषला गेला त्यावरून कोण किती आहे ते काढायचं. त्याआधी दोघांची शुद्ध द्रावणं वेगवेगळी मोजायची. मिश्रण एक्झामिनरांनी स्वतः केलेलं, शुद्ध द्रावणं माझी, सगळ्यांना एकाच बाटलीतली.

बारा जणांत एका शिवानीचं डायक्रोमेट उणे आलं. अहो, बाटलीत घातलेली वस्तू शून्याच्या खाली कशी जाईल? तिने तीनदा मोजलं, तीनदा तेच. नापास झाली तर वर्ष वाया.

लिहायला लाज वाटते, पण मी जवळ जाऊन पुटपुटले, आकडा जरा सेट कर की!

"मॅम, जो आया है वही लिखूँगी."

मनात म्हटलं, घ्या! हरिश्चंद्र घाटाच्या गावची शोभते खरी. मला रागच आला तिचा.

एक्झामिनरांनी तिची वही पाहिली, तिन्ही वेळा तोच आकडा. मग बाकीच्या अकरा... सगळी उत्तरं कशी छान, शून्याच्या वर. ते उठले, थेट माझ्या परमँगनेटच्या बाटलीकडे गेले आणि ती उजेडात धरली. तळाशी तपकिरी गाळ.

मी ओळखलं. हे द्रावण ताजं करायचं असतं, उजेडात पडून राहिलं की गाळ धरतं. पण आदल्या दिवशी रामघाटावर आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू, पन्हं करायला मी लवकर पळाले, आणि खिडकीतली जुनीच बाटली पुढे केली. गाळाने शोषलेला प्रकाश परमँगनेटच्या नावावर चढला, आणि वजाबाकीत डायक्रोमेट शून्याखाली गेलं.

म्हणजे उणे सगळ्यांचंच आलं होतं. लिहिलं एकटीने.

"ये किसने बनाया?" एक्झामिनरांनी विचारलं. मी पुढे झाले, म्हटलं, मैंने, सर. काय बोलणी खाल्ली ती सांगत नाही. मग ताजं द्रावण करून सगळ्यांनी पुन्हा मोजलं, आणि शिवानीचं उत्तर अगदी बरोबर आलं.

निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे हात मध्येच धरले.

पोरी, माझं ऐकलं नाहीस... फार उपकार झाले गं.