सहाच्या आत आंघोळ

आमच्या वृद्धाश्रमात सकाळी सहाच्या आत सगळ्या बायकांच्या आंघोळी उरकलेल्या असत, आणि याचा मला भारी तोरा होता. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर नेकनूरच्या रस्त्यावरच्या या आश्रमाची व्यवस्था माझ्याकडं आली. वेळापत्रक मी स्वतः लिहून भिंतीवर लावलं. पाचला उठायचं, मग एकीमागून एक न्हाणीघरात. दार उघडं ठेवायचं, म्हणजे कुणी पाय घसरून पडलं तर लगेच दिसेल. भेटायला येणारे 'काय स्वच्छता आहे' म्हणून जायचे आणि मी दिवसभर खुशीत असायचे.

या खुशीला पहिला धक्का दिला तलवाड्याकडच्या एका म्हातारीनं. जन्मभर शेतात राबलेली, मूलबाळ नाही, नवरा गेलेला. भाच्यानं आणून सोडलं होतं. पहिल्या दिवसापासून ती आंघोळीला भांडायची. सेविकेनं पदराला हात लावला की आरडाओरडा. एके सकाळी तर तिनं सेविकेच्या मनगटाला असा चावा घेतला की रक्त आलं. मी तिच्यावर डाफरले, "लहान लेकरासारखं काय करताय हे?" तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

सेविका काम सोडायची भाषा करू लागली. मग मी भाच्याला फोन केला, की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, आमच्याच्यानं होत नाही, येत्या रविवारी घेऊन जा. तो म्हणाला, "घरी तर सोय न्हाई मॅडम. लांब एक ठिकाण बघितलंय. तिथं असल्यांना बांधून ठेवतात म्हनं. पन ठेवतात तरी." मी 'बघा तुमचं तुम्ही' म्हणून फोन ठेवला. वाईट वाटलं नाही असं नाही, पण सुटका झाल्यासारखं जास्त वाटलं.

त्याच आठवड्यात आमच्या एकत्र कार्यक्रमाची बैठक होती. जिल्ह्यातल्या चार आश्रमांनी मिळून ठरवलं होतं की एकमेकांकडं जायचं, पाहायचं, राहणाऱ्यांना विचारून रीती बदलायच्या. मी जायचे ती आम्हाला कोण काय शिकवणार अशा थाटात. या वेळी ठरलं की प्रत्येक व्यवस्थापकानं दुसऱ्याच्या आश्रमात एक दिवस म्हातारं होऊन राहायचं. मी हसले. चिठ्ठ्या टाकल्या. मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा आश्रम आला.

आदल्या संध्याकाळी गेल्या गेल्या फोन आणि घड्याळ कचेरीत जमा करून घेतलं. पहाटे पाचला एका सेविकेनं खांदा हलवला. "उठा आजी." माझं वय पासष्ट. नातवंडं सोडून मला कुणी आजी म्हटलेलं नव्हतं. तिनं मला न्हाणीघरात नेलं. दार सताड उघडं, बाहेर दोन बायका टॉवेल घेऊन उभ्या. तिनं माझा पदर ओढला आणि पोलक्याच्या हुकाला हात घातला. मी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.

ती चिडली नाही. म्हणाली, "मॅडम, आमी तुमच्याकडंच शिकायला आलतो की. तुमच्या भिंतीवरचा कागद उतरून घेतलाय." बाहेर येऊन पाहिलं तर खरंच, शब्दन् शब्द माझं वेळापत्रक. मला आधी रागच आला. लाज नंतर वाटली, परतीच्या एसटीत, आणि मग ती काही केल्या जाईना.

शनिवारी संध्याकाळी मी तलवाड्याच्या म्हातारीच्या खाटेवर बसले आणि विचारलं, "घरी आंघोळ कशी करायचात?"

"हे आज इचारता व्हय?" ती म्हणाली. "रानातून आल्यावर, दुपारच्याला. हंडा उनात ठेवायचा, पानी कोमट व्हतं. आमी लुगडं आंगावर ठेवूनच न्हातो. मग कोरडं गुंडाळायचं अन् आतून वलं सोडायचं. नवऱ्यानं बी मला कदी उघडी बघितली न्हाई, बाई. अन् ही पोरगी रोज समद्यांसमोर..."

माझी आईसुद्धा अशीच न्हायची. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती.

रविवारी दुपारी भाचा जीप घेऊन आला. मी फाटकातच सांगितलं, "चूक माझी होती. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. त्या इथं राहू शकतात." तो वैतागला, आणि त्याचं बरोबर होतं. "तुमीच न्या म्हनलात. मी तिकडं शब्द देऊन बसलो." शेवटी आम्ही दोघं तिच्याकडं गेलो. त्यानं विचारलं, "आत्या, कसं करायचं?"

तिनं अंगणात पाहिलं. सकाळपासून मी हंडा उन्हात ठेवून घेतला होता. "आदी न्हाते," ती म्हणाली, "मग सांगते."

आम्ही थांबलो. न्हाणीघराचं दार बंद. मनगटाला पट्टी बांधलेली तीच सेविका बाहेर स्टुलावर बसून मधून मधून विचारत होती, "आजी, बरं हाय ना?" आतून उत्तर यायचं, "हाय, हाय. किती इचारशील." भाच्यानं दोनदा चहा घेतला. म्हातारी कोरडं लुगडं नेसून बाहेर आली, ओलं तिनं स्वतः पिळून दोरीवर टाकलं आणि भाच्याला म्हणाली, "मी येत न्हाई. तू येत जा मदीमदी."

मग माझ्याकडं वळली. "मी चावले म्हनून मला इचारलं. ह्या बाकीच्या चावल्या न्हाईत. त्यान्ला कोन इचारनार?"

जीप गेल्यावर मी दालनात गेले. पहिल्या खाटेवरची बाई आमच्याकडची सगळ्यात शांत. आंघोळीला पहिला नंबर तिचा, कधी कुरकुर नाही. मी तिला विचारलं, रोजच्या आंघोळीचं तुम्हाला काय वाटतं. तिनं आधी सेविका जवळ आहे का ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी डोळे मिटून घेते, बाई."

ती आमच्याकडं सहा वर्षांपासून होती.