पाळण्यातला वरवंटा

झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या उन्हाळ्यात पाळणा एकच होता आणि हक्कदार दोन. वर माझी तान्ही भाची निजायची. खाली, बाबांच्या जुन्या मोज्यात गच्च बांधलेला, माझ्या एम.एस्सी.च्या प्रयोगाचा चंबू लटकायचा.

कॉलेजात चंबू हलवायचं यंत्र होतं, पण वीज कधी येईल नि कधी जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सरांनी तर बजावलं होतं, "बेटा, इसको हिलते रहना चाहिए. रुका तो गया." घरी येऊन पाहते तो बाळंतपणाला आलेल्या ताईची लेक पाळण्यात, आणि आत्या दिवसभर दोरी ओढत बसलेली. असं आयतं यंत्र दिसल्यावर मी ते सोडते होय? आणि झाशीची गरमी एवढी, की चंबू वेगळा कोमट ठेवायचीही गरज नव्हती.

थांबलं की गेलं, असं मी आत्याला बजावलं, आणि चंबूत काय आहे ते चपलांवरून समजावलं.

"देवळाबाहेर चपला पडलेल्या असतात ना, तसे हे औषधाचे रेणू. अर्धे डाव्या पायाचे, अर्धे उजव्या. एकमेकांचं आरशातलं रूप म्हण. पण दुखणं थांबतं फक्त उजव्यांनी. एन्झाइम म्हणजे असा पाय, जो डाव्या चपलेतच शिरतो. सगळ्या डाव्या तो घेऊन गेला, की उरलेल्या उजव्या आपल्या."

"आणि डाव्या संपल्या की?"

"मग मेला उजवीतही पाय कोंबायला लागतो. म्हणून निम्म्यावर थांबवायचं."

"जनरल डब्यातल्या माणसासारखंच की," आत्या म्हणाली. "जरा टेकायला जागा दिली की पसरलाच."

आता खरी गोम. बाबा गार्ड होते आणि त्या वर्षाचा रेल्वेचा एकच पास उरला होता. आत्याला माहूरच्या रेणुकेला जायचं होतं. मला पुण्याला. तिथल्या एका प्रयोगशाळेनं संशोधनासाठी भेटायला बोलावलं होतं, पण येताना प्रयोगाचा निकाल घेऊन या म्हणून. तिकीट काढावं हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. रेल्वेच्या माणसानं तिकीट काढणं म्हणजे हलवायानं मिठाई विकत आणणं. बाबांनी निवाडा दिला: प्रयोग जमला तर पुणं, फसला तर माहूर. म्हणजे माझी प्रतिस्पर्धी आत्या, आणि माझं यंत्रही तिच्याच हातात. मला रात्री झोप लागेना.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. मग ताई बाळाला घेऊन सदर बाजारात डॉक्टरकडे टोचायला गेली, आणि तिथून मैत्रिणीकडे. आत्यानं दोरी सोडली.

"रिकामा पाळणा हलवू नये," ती म्हणाली. विषय संपला.

माझा जीव खालीवर. पण मीही याच घरातली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात कोण जातं? वरवंटा! मी स्वयंपाकघरातून वरवंटा उचलला, त्याला कुंची घातली, दुपट्यात गुंडाळला आणि गुपचूप पाळण्यात ठेवला. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"आत्या, ताई बाळाला ठेवून गेली गं. निजलंय. झोके दे, मी दुपारी येतेच."

कॉलेजात पोलरीमीटर पुसून ठेवायचा होता. आतून जाणारा प्रकाश किती नि कुठे वळतो यावरून डावं-उजवं सांगणारी ती पितळी नळी. ते काम झटपट झालं, पण परतताना फाटकावर एक मालगाडी आडवी उभी राहिली ती हलेचना. गार्डाची मुलगी असून मी रेल्वेला जे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. शेजारची भौजी पाळण्यावर वाकून, पोरीच्या जागी वरवंटा पाहून ओरडत होती, "हाय दइया! मौड़ी कितै गई? जौ तौ लोढ़ा है!"

आत्या शांतपणे दोरी ओढत होती. "हळू बोला हो," ती म्हणाली, "उठेल."

मी चंबू सोडवला. निम्मं कधीच उलटून गेलं होतं. एन्झाइमनं उजव्याही खायला घेतल्या असणार. रात्री सगळं वेगळं करून पाहिलं, तर तळाशी औषध उरलं होतं जेमतेम. मी मोरीत जाऊन रडले. आत्याच्या नावानं मनातल्या मनात बोटंही मोडली.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर ते पोलरीमीटरच्या नळीत भरलं. कशीबशी नळी भरली. सरांनी डोळा लावला, पुन्हा लावला.

"पूरा साफ! बायाँ एक भी नहीं बचा. कैसे किया?"

मग सरांनीच उलगडून सांगितलं. जास्त वेळ हलल्यामुळे उजव्या थोड्या गेल्या खऱ्या, पण चुकारपणे मागे राहणाऱ्या डाव्याही एकूण एक गेल्या. उरलं ते थोडं, पण निखळ. मी निम्म्यावर थांबवलं असतं तर इतकं स्वच्छ निघालंच नसतं.

पास पुण्याचा निघाला. स्टेशनवर सगळे पोचवायला आले. आत्याचा चेहरा पाहून मला राहवेना. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "आत्या, त्या दिवशी पाळण्यात..."

"वरवंटा होता," ती म्हणाली. "पहिल्या झोक्यालाच कळलं. अगं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हातात नाही."

"मग हलवत का राहिलीस? थांबली असतीस तर माहूर तुझंच होतं."

"तूच म्हणाली होतीस ना, थांबलं की गेलं?"

गाडीनं झटका दिला. आत्या गज धरून खिडकीबरोबर चालू लागली.

"आता निम्म्यावर थांबू नकोस," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीचा पास माझा. सांगून ठेवते."