अलगदमामांच्या ट्रकमध्ये मामी

गुरांचे व्यापारी त्यांना अलगदमामा म्हणत. दुभत्या म्हशी लांबलांबच्या गोठ्यांवर पोचवायचं त्यांचं काम. ट्रक असा चालवायचे, की मागे उभ्या म्हशीचं रवंथ मोडू नये. मामींना मात्र हे कौतुक कधीच पटलं नाही. मामांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांच्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता.

एकदा मामींना बहिणीकडे जायचं होतं आणि ट्रक त्याच वाटेने निघाला होता. मामी केबिनमध्ये चढून बसल्या.

पहिला खड्डा आला. झोपलेलं बाळ या कुशीवरून त्या कुशीवर घ्यावं, तसा मामांनी ट्रक काढला. ऊन चढलं तशी झाडाखाली गाडी लावली, बादल्या भरभरून म्हशींना पाणी पाजलं, पाठीवर पाणी मारलं, ओला पेंढा काढून सुका पसरला. एक म्हैस खाली बसली होती. बाकीच्यांनी तिला तुडवू नये म्हणून मधे फळी अडकवली आणि तिच्या कपाळावर हात फिरवत म्हणाले, "दमलीस का गं बाई? पी, पोटभर पी."

मामी खिडकीतून बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होता! मामा परत आले, हात पुसले आणि गाडी सुरू केली. मामींना पाणी विचारायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

म्हशी गोठ्यावर उतरल्या. एकही लंगडत नव्हती. मालक खूश. बहिणीचं घर अजून पुढे होतं. पण ट्रक रिकामा झाला आणि मामांच्या अंगात वारं शिरलं. मामींचं डोकं दोनदा टपावर आपटलं.

"अहो, हळू!"

"अगं, रिकामीच तर आहे गाडी!"

मामींनी तोंड खिडकीबाहेर काढलं आणि पोटापासून रेकल्या, "आँऽऽ!"

मामांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बादली उचलून ते धावत मागे गेले. मागे नुसता पेंढा! तोंडाचा आ करून परत आले.

"मी होते ती," मामी म्हणाल्या. "घसा सुकलाय. पायही अवघडलेत."

मामा एवढंसं तोंड करून त्यांना चहाच्या दुकानात घेऊन गेले. मामी दोन कप प्यायल्या, रस्त्याकडेने फेऱ्या मारल्या. त्यानंतर ट्रक इतका हळू चालला, की सायकलवाले पुढे जायला लागले. शेवटी मामीच वैतागल्या.

"आता जरा हाणा की! बहीण वाट बघतेय. मी काही दूध देत नाही."