लालबागचा धर्मशील घाणा

अप्पांनी आम्हांला जन्मभर सांगितलं की आपलं घराणं कारकुनांचं. यंदा अंथरुणाला खिळले तेव्हा म्हणाले, "आपण बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, कोकणातले शनवार तेली. आजोबांचा घाणा लालबागला आहे, तुझा चुलतभाऊ सायमन चालवतो. शनिवारी आपण काम करायचं नाही आणि बैलालाही करू द्यायचं नाही, अशी आपली रीत. अजून सोडतात का बैलाला, तेवढं बघून ये. मग मी सुखानं डोळे मिटीन."

तिशीत घराणं कळलं! शुक्रवारी पुण्याहून सकाळची गाडी धरली.

दादरला उतरून ट्राम घ्यावी. लालबागपर्यंत आण्या-दीड आण्यात काम होतं. परळपासून पुढे एक भिंत कोरी नाही. साऱ्या भिंतींना मुंबई महाराष्ट्रातच हवी आहे. मलाही हवी आहे, पण वाचता वाचता उतरायचं राहून गेलं आणि अर्धा रस्ता मागे चालत आले.

सायमनदादाचं घर घाण्यामागेच. रात्री नारळाच्या रसातली सुरमई उत्तम होती, सोबत प्रवचनही होतं.

"आपल्या धर्मात आधी जनावरापुढे चारा, मग आपल्या ताटात भात," तिसऱ्यांदा भात वाढून घेत दादा म्हणाला.

"अहो, मघापासून बैल हंबरतोय," वहिनी म्हणाल्या.

"जेवण तर होऊ दे!"

शनिवारी चूल बंद. कालचंच अन्न, डोक्यावर टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक. दादाइतका धार्मिक माणूस अख्ख्या लालबागेत नसावा. फक्त मागून घाण्याची करकर ऐकू येत होती. जाऊन पाहते तो डोळ्यांना झापड बांधलेला बैल गरगर फिरतोय आणि गोविंदा नावाचा गडी त्याला हाकतोय.

"आज शनिवार ना?" मी विचारलं.

"माका कित्याक इचारतास, बाय? मालकान सांगल्यान, मी हाकतंय."

"कधी बंदच नसतो?"

"हरताळाक बंद ठेवलो. दगड पडतले म्हणान."

म्हणजे लोकांना भिऊन सुट्टी मिळते, देवाला भिऊन नाही.

दादा दारात आला. "गोविंदा हिंदू आहे. त्याला शनिवार लागू नाही."

"आणि बैल?"

दादा पुस्तक चाळू लागला, जसा काही बैलाचा धर्म तिथे छापलेला सापडणार होता. माझं डोकंच फिरलं. पुढे होऊन मी दोरीची गाठ सोडली, जू उतरवलं.

"अगं, शनिवारी गाठ सोडणं म्हणजे काम! पाप लागेल!" दादा ओरडला.

"लागू दे," म्हटलं आणि बैलापुढे वैरण टाकली. गोविंदा निवांत विडी ओढत बसला.

रविवारी पुण्यात परतले. अप्पा जागेच होते.

"सोडला होता बैल?"

"सोडला होता, अप्पा. आपल्याच घरातल्या माणसानं."

ते हसले आणि कूस बदलून झोपी गेले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण पुढचा शनिवार सहा दिवसांवर होता. तुम्ही लालबागला जाणार असाल तर शनिवारीच जा. गाठ साधी आहे, एका ओढीत सुटते.