जिंकणाऱ्याचा चहा

देवस्थळी काकांनी पहिल्यांदा माझ्या दाराची बेल वाजवली तेव्हा मला वाटलं, पाण्याची तक्रार घेऊन आले असणार. फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत म्हातारी माणसं बेल वाजवतात ती पाण्यासाठी, नाहीतर पार्किंगसाठी. काका मात्र दारात उभे राहून म्हणाले, "अलकनंदा ना तू? मी वरच्या मजल्यावरचा देवस्थळी. एक विचारायचं होतं. तुला सिनेमातलं काही कळतं का?"

"ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले.

"अच्छा! मग बिल्कुल चालेल," असं म्हणून ते आत येऊन सोफ्यावर बसलेसुद्धा.

माझी ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू होती, कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता, आणि हे गृहस्थ मला मुंबईतल्या त्या मोठ्या सिनेमा-पुरस्कारांत यंदा कोण कोण जिंकणार ते सांगत होते. नायिका कोण, नायक कोण, दिग्दर्शक कोण. मी "हो का, हो का" करत होते. सगळं सांगून झाल्यावर ते उठले. "झालं. आता तू साक्षीदार. रविवारी टीव्हीवर दाखवतील तेव्हा मी म्हणालो होतो, एवढं लक्षात ठेव." आणि गेले. मला त्यातलं एकही नाव आठवेना. खरं सांगायचं तर मी वैतागले होते. पण जिन्यावरून जाताना ते ज्या खुशीत होते ती पाहून मला काही बोलवलं नाही.

मग हळूहळू सगळं कळत गेलं.

श्यामकांत देवस्थळी मूळचे नागपूरकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ऐन तारुण्यात दिल्लीत आले आणि दिल्लीचेच झाले. एका मिनिस्ट्रीत बढत्यांच्या फायली त्यांच्या हातून जायच्या. कोण सिनियर, कोण सुपरसीड झालाय, कोणाची चौकशी चालू आहे, हे त्यांना तोंडपाठ. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार, बायको हेमलता पहाडगंजच्या मराठी शाळेत शिक्षिका, एक मुलगा विलास. चारचौघांसारखंच सगळं. फक्त एक वेड होतं. सिनेमाचे पुरस्कार कोणाला मिळणार, ते आधी ओळखायचं.

आणि ओळखायची रीत कशी, तर बढतीची. सिनेमा पाहायची गरज नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "अभिनय वगैरे सगळे बघतातच गं," ते मला समजावत. "पण कमिटी ही शेवटी कमिटी असते. या बाई तीन वर्षं नामांकनात आहेत, दोनदा सुपरसीड झाल्यात. आता डावललं तर बोंब होईल. म्हणजे यंदा त्यांचाच नंबर." एका नामवंत नटाला ते कधीच निवडत नसत, कारण त्याच्यावर कसलासा खटला चालू होता. "व्हिजिलन्स क्लिअरन्स मिळणार नाही," असं म्हणून ते मान हलवत. नव्या मुलीला पुरस्कार मिळाला की ते त्याला 'ॲडहॉक', म्हणजे रांग मोडून केलेली तात्पुरती नेमणूक म्हणत आणि मनापासून नाराज होत. गंमत म्हणजे, या असल्या हिशेबानं त्यांची निम्मीअधिक नावं बरोबर यायची.

हेमलताकाकूंची तऱ्हा वेगळी. त्या सिनेमे पाहायच्या, रडायच्या, आणि जिनं आपल्याला जास्त रडवलं तिचं नाव घ्यायच्या. त्यामुळे त्या हरायच्या. दरवर्षी हरायच्या.

त्या काळी सोहळा व्हायचा एकदा आणि टीव्हीवर दिसायचा बऱ्याच दिवसांनी, काटछाट करून. निकाल दुसऱ्याच दिवशी पेपरात. मग पैज कशी टिकायची? त्यावर काकांनी उपाय काढला होता. सोहळ्यानंतर टीव्हीवर दाखवेपर्यंत घरातला पेपर उघडायचा नाही. आलेला पेपर तसाच गादीखाली. ऑफिसात डबा एकट्यानं आपल्या टेबलावर खायचा, कँटीनमध्ये जायचं नाही. कोणी विषय काढला तर कानांवर हात. घरात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "मामला कॉन्फिडेन्शियल आहे." आणि फायलीवर कॉन्फिडेन्शियल लिहिलं की ती गोष्ट कोणाला कळत नाही, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता.

पैजेची अट मात्र हेमलताकाकूंनी घातलेली. जो जिंकेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा करायचा. कॉलनीतले लोक हसायचे, हे उलटंच काय? त्यावर काकू म्हणायच्या, "हरलेल्याला निदान आयता चहा तरी मिळू दे." एरवी काका स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचे. पण त्या एका सकाळी ते विजयी वीरासारखे गॅसपाशी उभे राहत, साखरेचा डबा कुठे आहे म्हणून ओरडत, आणि चहा करून काकूंच्या हातात देत. हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा.

रिटायर झाल्यावर दोघं फरीदाबादला आली. पैज इथेही चालू राहिली. मग काकू गेल्या, आणि काकांच्या लक्षात आलं की आता आपण जिंकू शकत नाही.

हे त्यांचं दुःख लोकांना कळायचंच नाही. एकटा माणूस टीव्ही पाहू शकतो, पत्ते लावत बसू शकतो. पण कोण जिंकणार हे एकट्यानं ओळखून काय उपयोग? आधी कोणाला तरी सांगायला हवं, त्यानं ते खोडून काढायला हवं, आणि शेवटी हरायला हवं. विलास नोएडात एका वृत्तवाहिनीत नोकरीला. निकाल जगाच्या आधी त्याला कळायचा. काका फोनवर नावं सांगायला लागले की तो म्हणायचा, "बाबा, यार, ते कधीच जाहीर झालंय. सांगू का?" काका घाईघाईनं फोन ठेवायचे. पुढच्या वर्षी विलासनं शहाणपणा केला. नावं ऐकायच्या आधीच म्हणाला, "ठीक आहे बाबा, तुम्हीच जिंकलात." त्यानंतर काकांनी त्याला विचारणं सोडलं. मुलगा वाईट नव्हता. महिन्यातून एकदा यायचा, औषधं आणायचा, गीझर दुरुस्त करून घ्यायचा. बसायला मात्र त्याला वेळ नसायचा.

खाली बागेत बसणाऱ्या सरदारजींना आणि मिश्राजींना सांगून पाहिलं, तर ते मोबाइल पुढे करत, "अंकल, ये तो आ चुका है." सगळ्या सोसायटीत निकाल माहीत नसलेली आणि कळून घ्यायची इच्छाही नसलेली एक मीच निघाले. म्हणून माझी बेल.

त्यानंतर दोन वर्षं मी साक्षीदार होते. हरणारी मात्र होऊ शकले नाही. "तू पण एक नाव घे ना," ते आर्जवानं म्हणायचे. मी सुचेल ते नाव घ्यायचे. ती बाई कधीच निवृत्त झालेली असायची. काका हसायचे, पण ते हसणं लवकर मावळायचं. माझ्याशी जिंकण्यात काय राम होता? टीव्हीवर सोहळा संपला की ते म्हणायचे, "चला, मीच." आणि जड पायांनी वर जायचे. मला फार वाईट वाटायचं.

या वर्षी संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. पहाडगंजच्या शाळेत हेमलताकाकूंबरोबर शिकवणाऱ्या सुमित्राताई मेट्रोनं एवढ्या लांब आल्या. बायका पांगल्यावर मी काकांनाही तिळगूळ घ्यायला खाली बोलावलं. जुन्या ओळखी, दोघं बोलत बसली. मी आपली वाट्या आवरत होते. बोलता बोलता विषय पुरस्कारांवर आला आणि सुमित्राताई एकदम खळखळून हसल्या.

"अहो श्यामकांत, आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी दुसरा विषयच नसायचा! कोणाला मिळालं, कोणती साडी नेसली होती. हेमलता तर पेपर सगळ्यांत आधी ओढायची. पूर्ण निकाल वाचायची आणि म्हणायची, चला, म्हणजे आमच्याकडे ही नावं घ्यायची नाहीत."

काकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. सुमित्राताईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांना वाटत होतं, नवराबायकोत ही गोष्ट कधीच बोलून झाली असेल.

"तुमचं बरोबर आलं की हिचं चुकायचं, आणि तुमचं चुकलं तर ही आपलंही चुकवायची. मी म्हटलं, अगं, एकदा तरी जिंक. तर म्हणाली, जिंकले तर चहा मलाच करायचाय, तो रोज करतेच की. वर्षातून एकदा हे करतात, तो कशाला घालवू?"

काका हसले. सुमित्राताईंसाठी हसले, हे मला दिसत होतं. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "चांगला व्हायचा का हो चहा? कधी बोलली का?"

"छे! पांचट आणि गोडमिट्ट," सुमित्राताई म्हणाल्या. "पण त्या दिवशी शाळेत आल्या आल्या सगळ्यांना सांगायची, आज ह्यांनी चहा केला."

त्यांना मेट्रो स्टेशनवर सोडून मी परत आले तरी काका खालीच बाकावर बसून होते. मफलर हातात, थंडीचं भान नाही. मला पाहून म्हणाले, "मागितला असता तर रोज केला असता गं."

मला राग आला. बायको गेल्यावर असं म्हणणारे पुरुष मी बरेच पाहिलेत. "मागायला कशाला हवा होता काका?" मी बोलून गेले. त्यांनी नुसती मान डोलावली, आणि पुन्हा डोलावली. मग मलाच रडू आलं.

फेब्रुवारीत सोहळा झाला. टीव्हीवर दाखवणार होते त्या रविवारी संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं. एरवी तेच खाली यायचे. चिवड्याचा डबा काढून ठेवला होता, हेमलताकाकूंची वेताची खुर्ची टीव्हीसमोर ओढून ठेवली होती. मी तिच्यावर बसणार तोच म्हणाले, "तू इकडे दिवाणावर बस." टेबलावर सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर पडला होता. घडी मोडलेला, सिनेमाचं पान वर केलेला.

"काका, हा उघडलात?" मी विचारलं.

"हो. आज सकाळी गादीखालून काढला. नीट वाचला." ते खुर्चीकडे पाहत होते. "चल, नावं ऐक. नायिका. मी म्हणतो..." आणि त्यांनी एका अगदी नव्या, पहिल्याच सिनेमातल्या मुलीचं नाव घेतलं. ॲडहॉक! मी चमकून पाहिलं. "आणि हेमलता म्हणते..." त्यांनी दुसरं नाव घेतलं. टीव्हीवर त्याच दुसऱ्या बाई हुंदके आवरत स्टेजवर आल्या तेव्हा काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "गेलं माझं!"

मग नायक, मग दिग्दर्शक, मग संगीत. ज्याचं नाव ते उभ्या जन्मात घेणार नाहीत अशा प्रत्येकाला ते स्वतःच्या वाट्याला घेत होते. खटलेवाला नटसुद्धा घेतला. आणि पेपरात छापलेली सगळी नावं हेमलताकाकूंच्या वाट्याला देत होते. दर वेळी ते हरत होते आणि दर वेळी खुर्चीकडे बघून, "हे पण तुझंच!" म्हणत होते. मी आधी हसत होते. नंतर मला हसवेना. त्या माणसानं आयुष्यभर एवढ्या लोकांच्या बढत्या पाहिल्या, आणि घरातल्या घरात कोण किती वर्षं डावललं गेलं ते त्याला आता कळलं होतं. त्याला ते कोणाला तरी भरून द्यायचं होतं, आणि घेणारं कोणी नव्हतं.

सोहळा संपल्यावर ते म्हणाले, "एकतर्फी झालं. तू साक्षीदार."

"हो काका," मी म्हणाले. या वेळी मला सगळी नावं पाठ होती.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर, रात्री निघताना काकांनी माझ्या हातात दिलेला चिवड्याचा डबा परत करायला मी वर गेले. चांगलं ऊन वर आलं होतं. दार नुसतं लोटलेलं. काका स्वेटर घालून, दाढी करून, जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. पुढ्यात रिकामा कप आणि बशी. तोंड स्वयंपाकघराकडे. ओटा कोरडा होता.

"काका, चहा झाला नाही अजून?"

"नाही."

"कमाल करता. थांबा, मी टाकते." मी आत जाऊन पातेलं घेतलं आणि नळ सोडला.

"राहू दे अलकनंदा," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मी हरलो ना काल. आज तिनं करायचा."

मी नळ बंद केला. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसून राहिले.