शेवट ठरवणाऱ्या बायका

माझ्या सासूबाई, रंभाबाई, पहिल्या नवऱ्याचा मार चुकवून भुसावळहून सुरतेला पळून आल्या होत्या आणि हे त्या कुणापासून लपवत नसत. तिथल्या उधना भागात दुसरा संसार थाटला, चाळिशीत वाचायला शिकल्या आणि एक्क्याण्णव साली आमच्याच खोलीत बायकांचं वाचन मंडळ काढलं. रविवारी दुपारी कारखान्यातून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बायका बसायच्या. एकीनं वाचलेली कादंबरी सांगायची, बाकीच्यांनी तिची चिरफाड करायची. पुस्तकं रद्दीतली, बहुतेकांची शेवटची पानं गायब. मग शेवट मंडळ ठरवायचं, आणि त्यात सासूबाईंचा शब्द अखेरचा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात भागीरथीची सांगायची पाळी आली. ही धुळ्याकडची गप्प बाई, नवरा लूम चालवायचा. तिनं एका बाईची गोष्ट सांगितली. नवरा रोज मारतो, परवा तर अंगावर रॉकेल ओतून काडीपेटी शोधत होता, आणि पदरात दोन मुली. पुस्तकबिस्तक काही नव्हतं. ती स्वतःचंच सांगत होती. सरळ विचारायची लाज वाटली म्हणून पुस्तकाच्या आडून विचारत होती, आणि आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

"शेवटली पानं फाटेल शेतस," ती म्हणाली. "सांगा मावशी, ती बाईनी आते काय कराले पाहिजे?"

मंडळाला चेव आला. आमच्यातली सुंदरा म्हणाली, निघून जावं. सासूबाईंना ते पटेना.

"छे, निघून गेली तर गोष्टीत राहिलं काय? राहू दे तिला घरात. सोसेल, आणि एक दिवस नवराच पाय धरील. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आलं की पाणी, सगळ्यांच्याच डोळ्यांत आलं. दुसरीच्या दुःखावर रडायला काय जातं? मला अजून त्या रडण्याचा संताप येतो. भागीरथीनं साड्यांचं गाठोडं बांधलं आणि ती घरी गेली.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला पेटवून दिलं. ती दोन दिवस जगली. मंडळ पुन्हा कधी बसलं नाही.

हॉस्पिटलात सासूबाई तिच्या उशाशी होत्या, मी पायथ्याशी. गोष्टीतली ती बाई म्हणजे आपणच, हे भागीरथीनं तेव्हा सांगितलं. सासूबाई कपाळ बडवायला लागल्या.

"अगं, मी स्वतः घर सोडून आलेली बाई. सरळ म्हणाली असतीस तर पोरींसकट ठेवून घेतलं असतं तुला. ती गोष्ट होती, म्हणून तसं बोलले गं."

भागीरथीला बोलणं जड जात होतं.

"गोष्टमाबी बाईच व्हती ना, मावशी," ती म्हणाली.