हाव म्हणजे हो नव्हे

आमच्या वऱ्हाडात समोरचा बोलत असला की ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हाव’ म्हणायचं असतं. ते म्हटलं नाही तर बोलणाऱ्याला वाटतं, हा एक तर झोपला किंवा रुसला. कोणी सांगितलं की माझा बैल मेला, तरी आधी ‘हाव’च येतं. त्याचा अर्थ बैल मेला ते बरं झालं असा नव्हे. ऐकलं, पुढं सांगा, एवढाच. या एका शब्दापायी आमच्या गावाची विहीर भलत्या जागी खणली गेली. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी मूळची खामगावची. वडील सरकी काढायच्या जिनात कारकून होते, म्हणून मी चार इयत्ता शिकले आणि लग्न होऊन शेगावपासून दोन-तीन कोसांवरच्या या गावात आले. गाव खाऱ्या पट्ट्यातलं. कापूस पाहावा असा, पाणी मात्र तोंडात धरवत नाही. गावातल्या दोन्ही विहिरी खाऱ्या. पिण्याचं आणि रांधण्याचं पाणी आम्ही बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं घागरीत भरत असू. अर्धी सकाळ त्यात जायची. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे मला इथं आल्यावर कळलं. कितीही लाकडं जाळा, दाणा टणक तो टणकच. माझ्या सासूबाई आदल्या उन्हाळ्यात भरल्या घागरीसकट नदीच्या दरडीवरून घसरल्या होत्या. कंबर दुखावली ती कायमची. तेव्हापासून त्या भिंत धरून चालायच्या.

तशात बातमी आली की तालुका बोर्डानं आमच्या गावाला एक विहीर मंजूर केली आहे. एकच. जागा गावानं ठरवायची, असा म्हणे वरून हुकूम होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं, त्यामुळे हुकूम नागपूरहून निघायचे आणि आमच्यापर्यंत येता येता त्यांचं काय व्हायचं ते त्यांनाच ठाऊक. पण हा बरा पोचला. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे, गावाचे पंच होते. भांडण त्यांनी तोडावं आणि दोघांनीही मान खाली घालून ऐकावं, असा त्यांचा वट. ते आपल्या बाजूनं आहेत म्हटल्यावर आम्ही निर्धास्त होतो.

जागा आम्हा बायकांना माहीत होती. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या म्हातारीला सारं गाव चाची म्हणायचं. तिनं घरामागं नाल्याच्या काठी धुण्यासाठी हातभर झिरा खणला होता. एकदा घागर फुटली म्हणून तिनं ते पाणी डाळीला घातलं, तर डाळ लोण्यासारखी मऊ. ती मला हाताला धरून चुलीशी घेऊन गेली. मग मी करून पाहिलं, मग आळीतल्या सगळ्यांनी. हातभर झिरा साऱ्या आळीला पुरणार नव्हता, पण विहीर तिथंच हवी, ही आमची परीक्षा पक्की होती. तिला बोर्डाच्या ओव्हरसियरचं यंत्र लागत नव्हतं.

मी मामाजींना दाराआडून सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. जागा ठरवायला बोर्डाची माणसं चावडीत यायची होती, त्या सभेच्या दिवशी मी त्यांच्याकडं दोन वाट्या डाळ दिली, एक गावातल्या विहिरीच्या पाण्यातली, एक चाचीच्या झिऱ्याची. दोन्ही फडक्यात बांधल्या आणि म्हटलं, साहेबासमोर ठेवा, बाकी काही बोलायची गरजच पडणार नाही. मामाजी ‘हाव’ म्हणाले आणि गाठोडं घेऊन निघाले.

चावडीत बायकांनी जायची रीत नव्हती. ज्यांनी पाणी भरायचं त्या भिंतीबाहेर आणि ज्यांनी आयुष्यात घागर उचलली नाही ते आत सतरंजीवर. आम्ही सातआठजणी मागच्या भिंतीला कान लावून उभ्या राहिलो. चाचीही होती. आत बोर्डाचे मेंबर होते, मोठे जमीनदार, मतं मागायला येऊन गेल्यावर गावाला प्रथमच दिसले. बरोबर जबलपूरकडचा ओव्हरसियर आणि एक कारकून. ओव्हरसियर हिंदीत सांगत होता. चावडीसमोर सडकेला लागून जागा चांगली आहे. हाव. गाडी थेट येते. हाव. साहेबलोक दौऱ्यावर आले तर काम नजरेस पडतं. हाव. प्रत्येक वाक्याला साऱ्या चावडीतून हाव, आणि त्यात मामाजींचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. मी वाट पाहत होते की आता बोलणं संपेल, ते खाकरतील आणि फडकं सोडतील. बोलणं संपलं, चहा आला, मेंबरांच्या गळ्यात हार पडला, मंडळी उठली.

संध्याकाळी गाठोडं परत आलं. गाठ मी मारली होती तशीच होती.

मी विचारलं, तर म्हणाले, मोठ्या माणसापुढं डाळीच्या वाट्या काय मांडायच्या. बोर्डाचा कागद येईल, तेव्हा सांगू. कागद आला. गावात भरभर वाचणारी मीच, म्हणून तो ओसरीवर मामाजींनी माझ्याकडून वाचून घेतला. लिहिलं होतं की दाखवलेल्या जागेस समस्त गावकऱ्यांनी व पंचांनी एकमतानं होकार दिला. मी थांबले. ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

“होकार कवा देल्ला?” मामाजी म्हणाले. “आमी तं आयकून राह्यलो होतो.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी संताप आला. त्या जबलपूरवाल्यानं आमच्या हावचा ‘हाँ’ केला, हे मी एक वेळ समजू शकत होते. पण मेंबर तर इथलेच. त्यांच्या घरीही हाव म्हणजे काय ते कळत होतं. जे कळणं सोयीचं नव्हतं, नेमकं तेच त्यांनी कळून घेतलं नाही. मी म्हटलं, मामाजी, अजून खोदाई सुरू झाली नाही. मी अर्ज लिहिते, बायका अंगठे देतील, तुम्ही फक्त बोर्डात नेऊन द्या.

“लेखी झालं ना आता, सूनबाई,” ते म्हणाले. “मेंबरले खोटं पाडाव काय? अन् बायाच्या अंगठ्यानं गावाची अब्रू काय राहीन?”

आत सासूबाई भिंत धरून उभ्या होत्या. ते ऐकून त्या चुलीकडं वळल्या. अब्रूचं हे ओझं मामाजींना पेलवत होतं, कारण घागरीचं ओझं त्यांच्या डोक्यावर नव्हतं. मी हे तेव्हा मनात म्हटलं. तोंडावर म्हणायला हवं होतं.

विहीर झाली. पक्की, दगडी, चिरेबंदी. वर फरशी बसवली, तिच्यावर मेंबरांचं नाव, खाली पंचांची नावं, त्यात मामाजींचं. पाणी व्हायचं तेच झालं, खारट. उद्घाटनाला मेंबर पुन्हा आले. पहिला पेला पंचांनी प्यायचा ठरला. त्या दिवशी उघड्यावर कार्यक्रम असल्यानं आम्ही बायका लांबून का होईना, पाहू शकत होतो. मामाजींनी पेला तोंडाला लावला, घोट घेतला. मेंबरांनी विचारलं, पाणी गोड आहे ना?

“हाव,” मामाजी म्हणाले.

हा हाव ऐकण्याचा नव्हता. हा होच होता. टाळ्या वाजल्या. चाची माझ्याशेजारी उभी होती. ती मातीत थुंकली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी सासूबाईंचं जेवण नदीच्या पाण्यावर रांधू लागले आणि मामाजींचं बोर्डाच्या विहिरीच्या पाण्यावर. घरात कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी वेगळं पातेलं पाहिलं, पण त्याही बोलल्या नाहीत. मी वाढायची, ते खायचे. दाणे दाताखाली कचकच वाजायचे, मला दाराआड ऐकू यायचं. सुनेनं सासऱ्याशी असं वागावं का? वागू नये म्हणतात. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

महिना उलटला असेल. एका दुपारी ते घास तोंडात धरून थांबले. चघळत राहिले, गिळवेना. मी दाराच्या आडून विचारलं, “मामाजी, डाळ शिजली काय?”

त्यांनी घास ताटाच्या कडेला काढून ठेवला.

“नाई,” ते म्हणाले. “नाई शिजली.”

हा शब्द चावडीत, कारकुनाच्या लेखणीसमोर निघायला हवा होता. तो निघाला माझ्या चुलीपाशी, आणि तिथं तो लिहून घ्यायला कोणी नव्हतं. मी घागर उचलली आणि नदीवर गेले.